जोडीदाराच्या घरी राहायला जाताना सामान कसे कमी करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी व्यक्ती बरीच वर्षे एकटी राहत आहे आणि दोन महिन्यांनी ती जोडीदाराच्या घरी कायमची राहायला जाणार आहे. जोडीदार त्या दोन खोल्यांच्या घरात सात वर्षांपासून राहत आहेत. ‘गरजेपुरतेच सामान आण, बाकी सगळे इथे आहेच,’ असे त्यांनी प्रेमाने सांगितले आहे. तेव्हापासून रोज संध्याकाळी कपाट उघडायचे, चार वस्तू हातात घ्यायच्या आणि पुन्हा जागच्या जागी ठेवून द्यायच्या, असे चालले आहे. काय काढून टाकावे हे ठरत नाही आणि जे टाकू त्याचा पुढे पश्चात्ताप होईल ही भीती मनातून जात नाही. तर निवड कोणत्या निकषावर करावी?

घरे आवरून देणे आणि घर बदलण्याआधी सामानाची आखणी करून देणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या रूपांत सतत येतो. मला यातली खरी अडचण तुमच्या कपाटात दिसत नाही. तुम्ही वस्तूंकडे पाहून निर्णय घेऊ पाहत आहात, पण त्या वस्तू ज्या जागेत जाणार आहेत ती जागा अजून मोकळी झालेलीच नाही. आधीच भरलेल्या घराच्या मापाने पाहिले तर तुमची प्रत्येक वस्तू जास्तीचीच ठरणार, मग ती कितीही उपयोगी असो. ‘बाकी सगळे इथे आहेच’ हे वाक्य चांगल्या हेतूने बोललेले असले, तरी त्यात त्या घरातली मांडणी आहे तशीच राहील हे न बोलता गृहीत धरलेले आहे. म्हणून माझे मत असे की आवराआवर आधी जोडीदाराच्या घरात व्हावी आणि मगच तुमच्या घरात. त्यांचे घर हे दोघांचे घर होणार असेल, तर सात वर्षांत साचलेले त्यांचे सामानही तितक्याच बारकाईने पाहिले गेले पाहिजे.

हे मी आग्रहाने सांगते, कारण उलट क्रमाने गेलेल्या घरांत काय होते ते मी जवळून पाहिले आहे. येणाऱ्या माणसाला कपाटातला एक खण आणि न्हाणीघरातली अर्धी फळी मिळते. उरलेली खोकी पलंगाखाली आणि दाराआड जातात आणि महिनोन्‌महिने तिथेच राहतात. त्या माणसाला आपल्या वस्तू शोधण्यासाठी रोज वाकावे लागते, घरातल्या माणसाला खोक्यांचा अडथळा वाटू लागतो आणि भांडण सामानावरून होत आहे असे दोघांनाही वाटते. वास्तविक एकाचे घर आणि दुसऱ्याचा मुक्काम अशी ती स्थिती असते. जागा काटेकोरपणे निम्मी वाटून घ्यावी असे माझे म्हणणे नाही. पण येणाऱ्याच्या वाट्याला काही जागा पूर्णपणे यायला हवी: कपाटाचा एक संपूर्ण भाग, पुस्तकांची किंवा कामाच्या सामानाची एक संपूर्ण मांडणी, आणि जिथे त्याने काय ठेवले आहे हे कोणी विचारणार नाही असा एक कोपरा. चार ठिकाणच्या चार अर्ध्या फळ्या मिळून ही गरज भागत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हेही मान्य करायला हवे. दोघेही नव्या, रिकाम्या घरात जात असाल तर काम बरेच सोपे होते, कारण तिथे कोणाचाच आधीचा हक्क नसतो. घर भाड्याचे असेल आणि वर्षभरात पुन्हा हलायचे असेल, तर पलंग-कपाटासारखे मोठे सामान घाईने काढणे शहाणपणाचे नाही. एकत्र राहून पाहू आणि मग ठरवू, अशी मनाची स्थिती असेल, तर ती एकमेकांना स्पष्ट सांगावी आणि पुन्हा उभे करायला महाग पडेल ते सामान काही काळ राखून ठेवावे. यात नात्यावरचा अविश्वास नाही. त्या घरात मुले किंवा वडीलधारी माणसे राहत असतील तर त्यांच्या वस्तूंना त्यांच्या संमतीशिवाय हात लागता कामा नये. आणि दोघांपैकी कोणाला निरुपयोगी वस्तूही सोडताना असह्य त्रास होत असेल, खोल्या वापरता येणार नाहीत इतक्या भरल्या असतील, तर हा आळशीपणा आहे असे समजू नका. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये अतिसंचयाला स्वतंत्र मानसिक विकार म्हणून निदानाच्या यादीत स्थान दिले आहे. अशा वेळी आवराआवरीच्या युक्त्या पुरत नाहीत, मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी लागते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. सुरुवात मोजपट्टीने करावी. दोघांनी मिळून त्या घरातले प्रत्येक कपाट, फळी आणि रिकामी भिंत मोजावी आणि आकडे लिहून काढावेत. हँगरवर टांगलेल्या कपड्यांना साधारण ५५ ते ६० सेंटीमीटर खोली लागते. त्याहून उथळ कपाटात कपडे आडवे टांगता येत नाहीत. एक मीटर दांडीवर साधे शर्ट टांगले तर पंचवीस-तीस मावतात, जाड कोट त्याच्या निम्मेही मावत नाहीत. एक मीटर फळीवर मध्यम जाडीची तीस-चाळीस पुस्तके बसतात. दोन वस्तूंच्या मधून सहज चालायचे असेल तर सुमारे ७५ ते ९० सेंटीमीटर वाट मोकळी असावी. मोठे सामान न्यायचे असेल तर दाराची रुंदी आणि जिन्याचे वळणही मोजावे, कारण खोलीत मावणारे टेबल अनेकदा वळणावर अडते. हे आकडे हाती आले की प्रश्न बदलतो. ‘मी माझे किती कपडे टाकू?’ असे न विचारता ‘माझ्या वाट्याला दीड मीटर दांडी आहे, तिच्यावर कोणते कपडे हवेत?’ असे विचारता येते. निवडून टाकण्यापेक्षा निवडून ठेवणे मनाला फार हलके जाते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

मोजमाप करतानाच घरातल्या दिनक्रमाबद्दल बोलून घ्यावे. घरून काम कोण करते, उशिरा कोण झोपते, पाहुणे किती वेळा मुक्कामी येतात, कोणाला उघड्यावर वस्तू चालतात आणि कोणाला सगळे दाराआड लागते, याची उत्तरे मिळाली की सामानाचे निम्मे निर्णय आपोआप होतात. दोघेही घरून काम करत असतील तर दोन टेबले ही उधळपट्टी ठरत नाही. पाहुणे वर्षातून एकदाच येत असतील तर गाद्यांचा जास्तीचा संच ही उधळपट्टी ठरते.

यानंतर प्रत्येकाने आपापले सामान एकट्याने पाहावे. दुसऱ्याने तिथे बसून सल्ला देऊ नये आणि ‘हे कशाला हवे?’ असे तर मुळीच विचारू नये. याला चांगला आधार आहे. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये एंडाउमेंट इफेक्ट ही कल्पना मांडली: एखादी वस्तू आपल्या मालकीची झाली की केवळ तेवढ्यानेच आपल्याला तिची किंमत अधिक वाटू लागते. पुढे डॅनियल काहनमन, जॅक क्नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि काहींना दिले नाहीत. कॉफीचा मग हाती असलेल्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत ही नसलेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. मग तेच, विद्यार्थीही एकाच वर्गातले.

हा प्रयोग मी जोडप्यांना मुद्दाम सांगते, कारण एकत्र येणाऱ्या दोन घरांत नेमके हेच दोन्ही बाजूंनी घडत असते. तुमच्या सामानाचे तुम्ही मालक आहात आणि जोडीदार परके गिऱ्हाईक. त्यांच्या सामानापुढे तुम्ही परके गिऱ्हाईक होता. त्यामुळे तुम्हाला त्यांची जुनी खुर्ची अडगळ वाटते आणि त्यांना तुमचा दिवा अडगळ वाटतो, आणि यात कोणीही हट्टी किंवा असंवेदनशील नसते. हे दोघांनी आधीच समजून घेतले तर बोलण्यातला कडवटपणा पुष्कळ कमी होतो. स्वतःपुरता उपाय असा की वस्तू हातात घेऊन ‘हे टाकू का?’ असे न विचारता, ‘हे आज माझ्याकडे नसते तर मी पैसे देऊन आणले असते का, आणि किती दिले असते?’ असे विचारावे. उत्तर देताना क्षणभर मालकी बाजूला ठेवावी लागते आणि निर्णय स्वच्छ होतो.

स्वतःच्या सामानातही क्रम पाळावा. आधी मोडलेले, मुदत संपलेले आणि ज्याचा जोड हरवला आहे असे सामान काढावे, कारण तिथे भावना आड येत नाही आणि हात चालू लागतो. मग अंथरूण-पांघरूण, टॉवेल, रिकामे डबे, पिशव्या आणि जुन्या वायरी. प्रत्येक घरात चार्जर आणि वायरींचा एक गुंता असतो; त्यातली जी वायर कोणत्या उपकरणाची आहे ते सांगता येत नाही आणि जी वर्षभरात लागली नाही, ती ठेवू नये; जी ठेवाल तिला उपकरणाच्या नावाची चिठ्ठी डकवावी. त्यानंतर कपडे, मग पुस्तके, आणि पत्रे, छायाचित्रे, भेटवस्तू सर्वांत शेवटी. तुमच्या संध्याकाळी वाया जात आहेत त्याचे एक कारण मला असे वाटते की तुम्ही कोणतेही कपाट उघडता आणि त्यात मोडका टेप आणि आजीचे पत्र एकाच वेळी हाती येते. पत्रापुढे मन थांबले की टेपचाही निर्णय होत नाही.

दोघांचे असे वेगवेगळे काम झाल्यावरच दुहेरी वस्तूंकडे एकत्र बसावे. इथे कोणाची वस्तू हा निकष नसावा; अधिक चांगली चालणारी, दुरुस्त करता येणारी, स्वच्छ करायला सोपी आणि ठरलेल्या जागेत मावणारी वस्तू राहावी. किंमत जास्त होती म्हणून ठेवू, हे कारण टिकत नाही, कारण ते पैसे कोणतीही वस्तू ठेवली तरी परत येणार नाहीत. मात्र एक पथ्य मी न चुकता पाळायला लावते. यादी पूर्ण झाल्यावर ती पुन्हा वाचावी आणि राहिलेल्या वस्तूंत दोघांच्याही वस्तू दिसतात का ते पाहावे. प्रत्येक वेळी त्यांचीच वस्तू सरस ठरली असेल, तर एक-दोन ठिकाणी थोडी कमी चांगली का होईना, तुमची वस्तू राहू द्यावी. ज्या घरात आपले काहीच वापरात नाही, ते घर आपले वाटायला फार वेळ लागतो.

दुहेरी सामानात कधीकधी भांडण एका वस्तूचे असते आणि ओढ वेगळ्याच गोष्टीची असते. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्यात तिचे लाकडी अभ्यासाचे टेबल आणि त्याचे मोठे कामाचे टेबल, यांपैकी एकच मावणार होते. त्याचे टेबल रुंद होते, उंची योग्य होती, तिचे डुगडुगत होते, आणि तरीही ती ते सोडायला तयार नव्हती. मी तिला टेबलाची तक्रार किंवा गुण न विचारता, त्यावर ती काय करत असे ते सांगायला सांगितले. बोलता बोलता तिने उजवीकडचा खण बाहेर ओढला. त्याची पितळी मूठ बोटांनी घासून घासून एका बाजूला चकचकीत झाली होती, आतल्या तळाशी शाईचा एक मोठा निळा डाग होता आणि कडेला पेन्सिलीने परीक्षेच्या तारखा लिहिलेल्या होत्या. तिला तो खण हवा होता. टेबल एका गरजू विद्यार्थ्याकडे गेले, सुताराने उरलेल्या जागी साधी फळी बसवून दिली, आणि तो खण आता नव्या टेबलावर कागद-पेन ठेवायला आहे. प्रत्येक वेळी इतका सोयीचा मार्ग निघत नाही, पण ‘या वस्तूतले नेमके काय सोडवत नाही?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय मोठ्या वस्तूचा निर्णय करू नये.

आठवणींच्या वस्तूंसाठी छायाचित्र काढून ठेवण्याचा उपाय अनेकांना पोरकट वाटतो, पण तो कामाचा आहे. कॅरेन विंटरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, वसतिगृहातील विद्यार्थ्यांना आठवणींच्या वस्तू देऊन टाकण्याआधी त्यांचे छायाचित्र काढून ठेवण्याचे सुचवले गेले, तेव्हा दान केलेल्या वस्तूंची संख्या वाढली. आपण वस्तू सोडायला घाबरत नाही, तिच्याबरोबर आठवण जाईल याला घाबरतो. करंडक, जुने गणवेश, मुलांची चित्रे, जड भेटवस्तू यांना हा उपाय छान लागू पडतो. पत्रांना आणि मूळ छायाचित्रांना मात्र मी तो सुचवत नाही. त्यांना जागा थोडी लागते आणि हस्ताक्षराच्या कागदाची भरपाई पडद्यावर होत नाही. ती कोरड्या, थंड जागी, उन्हापासून दूर ठेवावीत. स्कॅन करायचे असेल तर साध्या आकाराच्या छायाचित्राला ३०० डीपीआय (म्हणजे दर इंचाला टिपले जाणारे बिंदू) पुरते, लहान छायाचित्राला ६०० ठेवावे.

याच ठिकाणी एक नाजूक विषय येतो: आधीच्या नात्यातल्या वस्तू. मी याबाबत ठाम आहे. प्रत्येक प्रौढ माणसाला स्वतःच्या भूतकाळाचा एक बंद डबा ठेवण्याचा अधिकार आहे. त्याचा आकार आधी ठरवावा, तो डबा एका ठिकाणी असावा आणि दुसऱ्याने तो उघडू नये, त्याबद्दल विचारणाही करू नये. त्या वस्तू भिंतीवर किंवा रोजच्या वापरात असाव्यात का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तिथे जोडीदाराच्या भावनेला वजन द्यावे. पण प्रेमाचा पुरावा म्हणून पत्रे फाडायला लावणे योग्य नाही, आणि कोणी न मागता आपणहून, घाईत, ती फाडू नयेत.

इथवरचा क्रम एकदा जुळवून घेऊ: आधी त्यांच्या घरात जागा मोकळी आणि मोजलेली, मग प्रत्येकाचे एकट्याचे काम सोप्याकडून अवघडाकडे, त्यात आठवणी सर्वांत शेवटी, आणि मग दुहेरी वस्तू एकत्र बसून. तुमच्याकडे दोन महिने आहेत; पहिले दोन आठवडे मोजमापाला आणि त्यांच्या कपाटांना द्यावेत, शेवटचा आठवडा फक्त बांधाबांधीला राखावा आणि त्या आठवड्यात एकही नवा निर्णय ठेवू नये. न ठरलेले सामान खोक्यात भरून नेले की ते खोके नव्या घरात वर्षभर उघडत नाही. पुस्तके लहान खोक्यांत भरावीत. मोठे खोके पुस्तकांनी भरले तर ते उचलताना तळ तरी फाटतो किंवा पाठ तरी दुखावते.

निर्णय झालेली वस्तू घराबाहेर पडेपर्यंत निर्णय पूर्ण झाला असे समजू नये. द्यायच्या वस्तूंवर घेणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी. विकायच्या वस्तूंना मुदत घालावी. दोन आठवड्यांत गिऱ्हाईक आले नाही तर ती देऊन टाकावी, कारण शेवटी विक्रीचा हव्यासच आवराआवर लांबवतो. दान करताना आपण स्वतः वापरली असती अशीच वस्तू द्यावी. जुन्या बॅटऱ्या आणि मोबाइल घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. लिथियमची बॅटरी दाबली गेली तर पेट घेऊ शकते, म्हणून तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा स्वीकारणाऱ्यांकडेच द्यावी. फोन देण्याआधी त्यातल्या सगळ्या खात्यांतून बाहेर पडावे आणि मग तो मूळ स्थितीत आणावा. जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवरची फाइल केवळ डिलीट केल्याने जात नाही, तिच्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती परत मिळवता येते. तेव्हा डिस्क पूर्ण पुसून घ्यावी किंवा काढून ठेवावी. मुदत संपलेली औषधे नळात किंवा शौचकूपात ओतू नयेत, परत घेणारे औषधालय असेल तर तिथे द्यावीत.

कागदपत्रांना वेगळा नियम लावा. ओळख, शिक्षण, मालमत्ता, विमा आणि बँक यांचे कागद ज्याचे त्याच्याच फाइलीत राहावेत. ते एकत्र करण्याने काहीच साधत नाही आणि गरज पडेल तेव्हा शोधाशोध वाढते. हमीपत्रे आणि पावत्या मात्र एका ठिकाणी आणाव्यात. गुळगुळीत कागदावर छापलेल्या पावत्यांची अक्षरे काही काळाने उडतात, म्हणून त्यांची प्रत काढून ठेवावी. मोठ्या सामानाची एका पानाची यादी करावी आणि त्यात कोणती वस्तू कोणी आणली व कोणती दोघांनी मिळून घेतली हे लिहावे. असे लिहिणे अनेकांना रुक्ष वाटते, पण वस्तू कोणाची हे माहीत असले की ती मोकळ्या मनाने दोघांना वापरता येते, आणि पुढे काहीही झाले तरी वाद उरत नाही.

शेवटी पश्चात्तापाच्या भीतीबद्दल. ती पूर्णपणे काढून टाकता येते असे मी सांगणार नाही. सोडलेल्या वस्तूंपैकी एखादी पुढे खरोखर हवीशी वाटेल. पण त्या भीतीला मर्यादा घालता येते. ज्या वस्तूंबद्दल प्रामाणिक शंका आहे त्यांच्यासाठी एकच मध्यम आकाराचे खोके ठेवा, ते बंद करा आणि त्यावर आत काय आहे याची यादी व सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा. बाहेर भाड्याने जागा घेऊन सामान ठेवण्याचा विचार असेल तर आधी हिशेब करा. वर्षभराचे भाडे त्या वस्तू पुन्हा घेण्याच्या खर्चापेक्षा जास्त होत असेल, तर ती जागा केवळ निर्णय पुढे ढकलण्यासाठी घेतलेली आहे. जी वस्तू पुन्हा कधीच मिळणार नाही ती शंकेच्या खोक्यात टाकू नका, ती सरळ आपल्या कोपऱ्यात ठेवा.

राहायला गेल्यावर सामान एका रात्रीत लावून टाकण्याची घाई करू नका. आधी पलंग, न्हाणीघर आणि कामाची जागा लावा, बाकीचे हळूहळू येऊ द्या. तीन महिन्यांनी दोघांनी अर्धा तास बसून कोणाला कशाची उणीव भासली, कोणती वस्तू तशीच पडून आहे आणि जागेची वाटणी अजून योग्य वाटते का, हे बोलावे. दुहेरी वस्तूंपैकी चुकीची वस्तू ठेवली असे तेव्हा लक्षात आले तर ती बदलावी. सहा महिन्यांच्या तारखेला खोके उघडताना आधी वरची यादी वाचा. त्यातल्या ज्या वस्तूची एकदाही आठवण झाली नाही ती लगेच पुढे द्या, आणि जिची झाली ती बाहेर काढून तिच्यासाठी जागा करा.